मालकांनी तपासलेलं खोकं

मी एक जुनं यकृत आहे, मित्रांनो. वय शेहेचाळीस, वजन दीड किलो, मुक्काम उजव्या बरगड्यांखाली. माझे मालक औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात तपासनीस आहेत. डोळ्याला भिंग लावून बसतात, एक अनुस्वार सुटत नाही त्यांच्या नजरेतून. म्हणून तर, जे झालं ते मला अजून खरंच वाटत नाही!

मला डोकं वर काढायला फुरसत नसते. आतड्यांकडून येणारं रक्त आधी माझ्याकडे येतं. त्यातली जादा साखर मी साठवतो, चरबी पचवायला पित्त बनवतो, जखमेवर रक्त गोठावं म्हणून लागणारा माल पुरवतो. शिवाय पोटात गेलेल्या गोळ्या मोडीत काढणं, तेही माझ्याच गळ्यात. आणि कौतुक? सगळं त्या हृदयाचं!

गेल्या आठवड्यात मालकांना ताप आला. कामाची घाई, रजा नको. तापाची एक गोळी घेतली, सर्दीची दुसरी. अंग ठणकतं म्हणून बायकोने तिसरी दिली. दिवसातून चार-चार वेळा, आणि पोटात धड अन्न नाही. मी बघतो तर काय, तिन्हींत पॅरासिटामॉल! बाप रे! बेताने घेतलं तर मी ते सहज निस्तरतो. पण अतिरेक झाला की त्यातून विष तयार होतं, आणि ते मारणाऱ्या द्रव्याचा माझा साठाच संपला. माझ्या पेशी पटापट मरू लागल्या. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे झाले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बायकोला सगळी खोकी टेबलावर मांडायला लावली.

"अहो, तिन्हींत एकच औषध आहे! मागे छापलंय की."

"पण रंग तर वेगवेगळे..." बायकोने खोकी उलटून बघितली. "हे बरे होतील ना हो?"

"उतारा सुरू केलाय. दोन दिवस काही सांगता येणार नाही."

मालकांनी एक खोकं उचललं.

"हे आमच्याकडचंच. मीच पास केलंय. अक्षर फुटलंय का तेवढं बघितलं गं... काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही."

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी कुठे माझ्यात नव्या पेशी तयार होऊ लागल्या. थोडक्यात निभावलं, मित्रांनो! दोन औषधं एकदम घेण्याआधी त्यांच्या मागची नावं ताडून बघा, नाही कळलं तर विचारा. मला आतून दुखत नाही हो. मी मरायला लागलो, तरी तुम्हाला कळायला चार दिवस लागतात.