सिस्टर वर्लीनने धरलेला हात

अलाबामातल्या आमच्या गावात रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या तळघरात जेवण असतं. दाराशीच सिस्टर वर्लीन बीपीचं यंत्र घेऊन बसते. चाळीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली, पण पांढरा गणवेश काही सुटला नाही.

माझा नवरा क्लिओफस चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा सेवक, पण वर्लीनला चुकवून मागच्या दाराने शिरायचा. डॉक्टर म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या लहानपणी वडिलांच्या छातीत कळा येत असताना, ते काळे म्हणून, गोरे पेशंट तपासून होईपर्यंत त्यांना इस्पितळाच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. ते तिथेच गेले.

ईस्टरनंतरच्या रविवारी वर्लीनने त्याला मागच्या दाराशीच गाठलं.

"डीकन, हात पुढे करा."

"मला काही झालं नाही, सिस्टर. भूक लागलीय."

"कोंबडी कुठे पळून जात नाही. तळलेली आहे."

सगळे हसले. क्लिओफसने चिडून बाही वर केली. वरचा आकडा आला दोनशे दहा. वर्लीनने पुन्हा मोजलं. तोच.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं," ती म्हणाली.

"मेलो तरी जाणार नाही."

आमचे पास्टर मोझली ताट ठेवून त्याच्याजवळ येऊन बसले.

"मी स्वतः दोन वर्षं बीपीच्या गोळ्या घेतोय, क्लिओफस. लाजेपोटी कुणाला बोललो नाही, चुकलंच माझं. ऊठ, गाडी मी चालवतो. तिथे तुला कुणी ताटकळत ठेवलं, तर आम्ही आहोत ना."

क्लिओफस बाही खाली करत उठला.

"मूत्रपिंडांवर परिणाम व्हायला लागलाय," तपासून इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेत आलात." वर्लीन वही काढून एकेक विचारून घेत होती: गोळी कधी, मीठ किती, पुन्हा कधी यायचं. मी बाहेर जाऊन पोटभर रडून घेतलं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी, चर्चमध्ये साक्ष द्यायच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, क्लिओफस बाकाला धरून उभा राहिला.

"त्या व्हरांड्यात माझ्या बापाजवळ फक्त मी होतो," तो म्हणाला. "माझ्याजवळ तुम्ही सगळे होता."

एवढं बोलून तो खाली बसला. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं, मग सगळ्यांनीच म्हटलं. वर्लीन रुमालात तोंड खुपसून बसली होती.

त्या दिवशी जेवणाआधी अकरा पुरुष बाह्या सरसावून रांगेत उभे राहिले. वर्लीनला जेवायला चार वाजले. क्लिओफसने तिचं ताट झाकून ठेवलं होतं.