आकारामतात्यांचे फितूर कान

आकारामतात्यांना बहिरेपणाने सहा महिन्यांत बरंच मिळवून दिलं होतं. पाटाच्या दर पाळीला अर्धा तास जादा पाणी, बायकोच्या हाकांपासून सुटी, आणि तोफखान्यात बावीस वर्षं काढली म्हणून गावाची हळहळ वर. खर्च काय, तर मधूनमधून "आं?" म्हणायचं.

वेळ संपली की शेजारचा गुंडा रानाच्या खालच्या टोकावरून रेड्याच्या आवाजात ओरडायचा, "तात्या, पाळी सरली! सोडा पाणी हिकडं!" तात्या उसाकडं बघत उभे. गुंडा चिखल तुडवत वर येऊन खांदा हलवीपर्यंत तात्यांचा ऊस पोटभर प्यायलेला असायचा. शेवटी पाळ्या लावणाऱ्या पाटकऱ्यांनी ठरवलं, तपासणीचा कागद आणा, अर्धा तास कायमचा तुमचा.

भाची संयोगिता सांगलीला कान तपासायचंच शिकत होती. तात्या हसत निघाले. बायको लीलाबाई आणि गुंडाही मागोमाग.

"आवाज आला की बटण दाबा, मामा," संयोगितानं लिहून दाखवलं.

अगदीच ठार बहिरं दिसणं बरं नाही, असा तात्यांनी हिशेब केला. कुकरची शिट्टी आपल्याला ऐकू येते हे घरादाराला ठाऊक. तेव्हा बारीक आवाजाला बटण दाबायचं. गुंडाचा आवाज जाड. जाडाला हात हलवायचा नाही.

संयोगितानं आलेख उलटसुलट करून पाहिला.

"मामी, कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळी असते. तिच्यात लांबच्या लांब पडदा ताणलेला. तोंडाशी अरुंद नि ताठ, शेवटाला रुंद नि सैल. बारीक आवाजानं तोंडाचा भाग हलतो, जाड आवाजानं शेवटाचा. तोफांचा मार आधी बारीक आवाजाच्या जागेला बसतो. मामांचं सगळं उलटं!"

"म्हंजी पूर आला, तोंडाचं रान कोरडं नि शेपटाचं वाहून गेलं?" गुंडानं विचारलं.

"आं?" तात्या म्हणाले.

मग तिनं तात्यांच्या कानात यंत्राचं रबरी बोंड बसवलं आणि लिहून दाखवलं, "आता काहीच करायचं नाही. गप बसा."

तात्यांना हे फारच सोपं वाटलं. ते ओठ मिटून बसले. यंत्र टिकटिकलं. पण धडधाकट कानात त्या पडद्यावरच्या केसाळ पेशी आवाजासरशी नाचू लागतात, आणि त्यांचा स्वतःचा बारीकसा आवाज माघारी बाहेर येतो. यंत्र तेवढंच टिपतं. तात्यांच्या दोन्ही कानांनी, जाड असो की बारीक, प्रत्येक हाकेला ओ दिली.

"मामा, तुम्ही गप्प बसलात, कान बोलले की!"

"तिसऱ्या शिट्टीला ताटावर येऊन बसत्यात, तवाच मला शंका हुती," लीलाबाई म्हणाल्या.

"लय इमानी कान हायत, तात्या," गुंडा म्हणाला. "मालकावर गेलं न्हाईत."

तर आता कोणाला काय मिळालं? गुंडाला सहा महिने अर्धा तास लवकर पाणी, आणि वेळ झाली की आरोळी तात्यांनीच द्यायची. संयोगिताला सरांची शाबासकी. लीलाबाईंना सहा महिन्यांचं तुंबलेलं सगळं बोलायची मोकळीक; त्यांनी सांगलीच्या स्टँडवरच सुरुवात केली, आणि कराड आलं तेव्हा पहिलाच महिना चालू होता. या सगळ्याची भरपाई केली ती तात्यांच्या दोन कानांनी, आणि दोन्ही ठणठणीत होते.