बिस्किटांच्या डब्यातला पंप

औषधाच्या दुकानात बाटलीवरचं लेबल तिरकं लागलं तरी मी हाताखालच्या मुलींना फैलावर घेते. घरी मात्र आमच्या कुठल्याच डब्यात लेबलावरची वस्तू सापडत नाही. बटणं चहाच्या डब्यात, सुट्टे खिळे साखरेच्या. म्हणूनच लेकीचा, चिमणीचा, दम्याचा पंप पिशवीत चेपू नये या शहाणपणाने मी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता.

सहलीत नवरा आणि सासूबाईंसोबत डोंगरावरच्या जुन्या मनोऱ्याच्या गच्चीवर पोचेपर्यंत चिमणीला धाप लागली. मी डबा काढला. झाकणावरचं बिस्किटांचं चित्र मी विसरले होते, तिथल्या एका माकडाला ते लांबूनच दिसलं. हाताला हिसका बसला आणि तो दांडगा नर डबा छातीशी धरून कठड्यावर जाऊन बसला. पलीकडे सरळ दरी होती.

"हाड! हाड!" नवऱ्याने छत्री उगारली. माकड दात विचकून आणखी कडेला सरकलं. पाच-सहा माकडं आमच्याभोवती येऊन बसली.

"छत्री खाली करा! डबा दरीत गेला तर संपलंच सगळं."

"दुसरा पंप कुठाय?"

"हॉटेलवर. मोज्यात."

चिमणीच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. ती बोलत नव्हती, खांदे तेवढे वर-खाली होत होते. खाली गाडीपर्यंत तासाची वाट. रोज लोकांना असले पंप देणारी मी हात चोळत उभी होते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी काढली. सात वारांचे सात कप्पे, दर आठवड्याला मीच भरते.

"आई, गोळ्या नका टाकू!" मी ओरडले.

त्यांनी सोमवारचा कप्पा उघडला. आत खारे दाणे होते, रक्तदाबापायी मीच त्यांना बंद केलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी ते लांब भिरकावले. लहान माकडं धावली, नर हलला नाही. मंगळवार. बुधवार. तो झाकण दातांनी ओढत होता. गुरुवारी त्याने मान वळवली. शुक्रवारी एक हात सोडला. शनिवारी तो डबा टाकून दाण्यांवर झेपावला.

डबा कठड्याच्या कडेवर डुगडुगत होता. मी गुडघ्यांवर रांगत गेले आणि झडप घातली.

आम्ही जिन्यात शिरून दार ओढून घेतलं. पंपाची एक फवारणी. थांबून दुसरी. मी श्वास मोजत राहिले. हळूहळू शिट्टी विरली आणि चिमणी माझ्या मांडीवर कलंडली. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

"बोल काय बोलायचंय ते," सासूबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. चेहरा लालबुंद, मनगटाची शीर थडथड उडत होती.

कुठल्या तोंडाने बोलणार? डबीत अजून रविवार शिल्लक होता. मी तो त्यांच्या तळहातावर रिकामा केला.

"एवढे खा. आणि मग गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगा."