उरलेला फोटू

"हलू नका. श्वास धरा. झालं."

चांदबीनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा उसन्या होत्या. नातेपुत्याच्या बाजारात सोलापूरच्या एका पोरगेल्या फोटोग्राफरानं पडदा लावला होता. पडद्यावर निळा डोंगर, डोंगराखाली हंस. ती बहिणीच्या खांद्याला खांदा लावून बसली. श्वास धरा म्हणाला, तिनं धरला. पुढं त्याच आवाजाशी निकाह झाला, आणि सोडायला सांगायचं तो विसरला तो विसरलाच, असं ती शेजारणींना हसत सांगायची.

आता त्या फोटोग्राफराची, नबीसाबांची, दाढी पिकली. बेगम पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत मुलगा तन्वीर मोबाइलची कव्हरं विकतो. नवऱ्या, नवरदेव, पासपोर्टवाले सगळे गेले, कॅमेरा तेवढा राहिला. दोन डोळ्यांचा, एकावर एक. वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्यानं काढायचं. छातीशी धरून मान खाली घालून बघावं लागतं, म्हणून चांदबी त्याला नवी नवरी म्हणते. रुंद फिल्मचा रोल तन्वीर मुंबईहून मागवतो. एका रोलात बारा फोटू, चौकोनी, काळेपांढरे. तेवढ्यासाठी दर रविवारी दोघं म्हातारी स्कूटरवर बसून नान्नजच्या अलीकडच्या माळावर जातात, आणि नबीसाब बाभळीला, दगडाला, ढगाला म्हणतात, हलू नका, श्वास धरा. जन्मभर हलणाऱ्या माणसांना सांगून थकलो, ते म्हणतात, आता ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं.

रोल घरीच धुतात. ते काम दोघांचं. न्हाणीघराची खिडकी गोधडीनं बंद करायची, काळ्या डब्यात फिल्म घालून डबा हलवायचा. पूर्वी घड्याळ असायचं. ते बंद पडल्यापासून चांदबी जात्यावरच्या चालीवर गाते आणि नबीसाब तिच्या ओव्यांवर वेळ धरतात. शब्द तिचेच, जुळतील तसे:

*अंधाराच्या पाण्यामंदी माळ माझा न्हातो,*
*थांब थांब सये, त्याचा मुखडा वर येतो.*

तिला खोकला झाला त्या हिवाळ्यात एक अख्खा रोल फिका निघाला होता.

आणखी एक रीत होती, स्टुडिओच्या काळापासूनची. रोल संपल्याशिवाय धुता यायचा नाही, आणि गिऱ्हाईक तर दारात. मग शेवटचा फोटू वाया घालवायचा. नबीसाब तो चांदबीवर घालवायचे. पळी हातात असलेली चांदबी, ओले केस झटकणारी चांदबी, तन्वीरला रागे भरणारी चांदबी. वाया घालवता घालवता एक पत्र्याची पेटी भरली. गिऱ्हाइकाचे फोटू गिऱ्हाईक घेऊन गेलं, उरलेले घरात राहिले. माळावरही तीच रीत. अकरा फोटू माळाचे, बारावा चांदबीचा. "चल, उभी ऱ्हा," म्हणायचे, आणि ती पदर सारखा करून उभी राहायची. ह्या माणसानं तिला तोंडानं कधी काही गोड म्हटलं नव्हतं. जे म्हणायचं ते त्या पेटीत होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अडचण नेमकी तिथंच होती.

झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडाला एका रविवारी नबीसाब कॅमेरा तिपाईवर लावून लघवीला गेले. चांदबीनं सहज मान खाली घालून वरच्या काचेत पाहिलं. आणि बघतच राहिली. तळहाताएवढ्या काचेत अख्खा माळ उतरला होता. वाऱ्यानं गवत हलत होतं. मल्लेश धनगराची मेंढरं खरी डावीकडं निघालेली, काचेत उजवीकडं चालली होती. रोज पाहिलेला माळ, पण असा कुणी उलटा करून, नेटका करून तिच्या ओंजळीत ठेवला नव्हता. पावलं वाजली तशी ती बाजूला झाली. त्या दिवसापासून तिला एक फोटू काढायचा होता. एकच. स्वतःचा म्हणावा असा.

पण मागायचा कुठला? अकरा त्यांचे. आणि बारावा मागावा, तर ते तिच्यावरचंच प्रेम परत केल्यासारखं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ते वाक्य तिच्या ओठाशी यायचं आणि ती ते गिळायची.

दिवाळीनंतरच्या रविवारी आभाळ असं निघालं की बघत राहावं. निळ्यात पांढरे ढग, मेंढरांसारखे विखुरलेले. गवत पिकून पिवळं. नबीसाबांनी भिंगावर पिवळी काच चढवली. तिच्यातून आभाळ काळवंडतं आणि पिवळं गवत चांदीसारखं पांढरं निघतं. सकाळभर ते तरण्या पोरासारखे माळ तुडवत होते. मल्लेश काठीवर हनुवटी टेकून बघत होता. आमच्या माळात हाय काय ते तरी सांगा, तो विचारत होता, आन माज्या मेंढरांचा येक रंगीत काडा की, पांढरी हायती ती पांढरीच काडताय. नबीसाब म्हणाले, तुझ्या मेंढरांना आधी हलू नका म्हणून सांग. मल्लेश म्हणाला, माजी बायको माजं ऐकंना, मेंढरं कुठली ऐकत्यात.

अकरा झाले. नबीसाबांनी फिल्म पुढं सरकवली आणि सवयीनं म्हणाले, "चल, उभी ऱ्हा."

चांदबी बसल्या दगडावरून उठली नाही.

त्यांनी विचारलं, पाय दुखतो का. नाही. ऊन लागलं का. नाही. लुगड्याचा रंग आवडला नाही का, तसाही काळापांढराच येणार आहे. तिनं मान हलवली. मल्लेशनं लांबून सल्ला दिला, की म्हाताऱ्या, काय चुकलं असंल ते कबूल करून टाक, इचारू नगंस.

"आज मी काडते," चांदबी म्हणाली.

नबीसाबांचा चेहरा असा उजळला की तिलाच कसंनुसं झालं. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला आणि तिच्या गळ्यात घातला, निकाहाच्या दिवशी हार घातला होता तसा. हे चाक फिरवलं की साफ दिसतं, ही कळ हळू दाबायची. मग स्वतःच माळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खिशातून कंगवा काढून दाढी विंचरली. टोपी सरळ केली. इतकी वर्षं कुणी माझा काढलाच नाही बघ, ते मल्लेशला ओरडून सांगत होते, दुसऱ्याचंच तोंड बघण्यात जन्म गेला.

चांदबीनं मान खाली घातली. चाक फिरवलं. आधी सगळं धुकं, मग धुक्यातून गवताची पाती न् पाती वर आली. काचेच्या कडेनं एका ढगाची सावली माळावर चढू लागली. सावली पुढं सरकेल तसं तिच्यामागचं गवत पुन्हा पेटून उठत होतं. आणखी थोडी आली, की अर्धा माळ काळा, अर्धा चांदीचा होणार होता. आणि नेमका मधोमध नबीसाब, छाती काढून, हसत.

काढावा का त्यांचाच? किती खूश आहेत. माळ काय, पुढच्या रविवारीही असेल. तिचं बोट कळीवर होतं. पण हा ढग पुढच्या रविवारी नसणार, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

सावली निम्म्यावर आली.

"अवं, तन्वीरचे अब्बा," ती काचेतून मान न काढता म्हणाली, "तुमी जरा बाजूला व्हा. मला तुमचा न्हाई काडायचा. मला ह्यो माळ काडायचाय. लई दिवसापासनं काडायचाय."