उंचीप्रमाणे एका रांगेत

माजी सैनिकांच्या दवाखान्यात पंखा एकच आहे, आणि त्याच्याखाली कर्नलच्या बायकोनंच बसावं असं कुठं लिहिलेलं नाही. तरी तीच बसते. तिच्या शेजारी मेजरची, मग हवालदाराची, आणि नवऱ्यांच्या हुद्द्यांची ही उतरंड जिथं संपते तिथं, हात धुवायच्या नळापाशी, मी. आमचे हे भटारखान्यात आचारी होते. ज्यांच्या नवऱ्यांना यांनी जन्मभर खाऊ घातलं, त्या बायका मला अजून "अगं ए" म्हणतात. नळ गळतो, चप्पल भिजते, आणि माझं डोकं फिरतं.

पण त्या दिवशी मी भांडायला नव्हते आले, लस टोचून घ्यायला आले होते. लेकीला मुलगी झाली होती. साथ जोरात. लेकीनं बजावलेलं, "लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही." सराफ हार दाखवतो तशी ती नात आम्हाला खिडकीच्या काचेतून दाखवायची. आम्ही दोघं बाहेरून काचेला नाकं चेपून बघायचो. आणि महिनाअखेरीला जावई दोघींना घेऊन समुद्रापार नोकरीवर निघणार होता. लस अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. आज टोचली, तर ती जायच्या आधी एखादा दिवस नात मांडीवर मिळणार. आज हुकली, तर काच. शहरात लस कुठं उरली नव्हती. इथं आली होती, तीही दुपारपर्यंतच.

सिस्टरनं सुई भरली आणि हाक दिली, "चला, पहिलं कोण?"

कोणी हललं नाही.

कर्नलसाहेब काठी टेकत उठले. "अधिकारी आपल्या माणसांच्या आधी ताटावर बसत नाही. आधी माझे जवान."

"साहेबांच्या आधी? मी?" हवालदार कळवळला. "हात झडेल माझा. आधी आपण."

"हा हुकूम समज."

"साहेब, आपण निवृत्त झालात, हुकूम संपला. मान मात्र संपत नाही. आधी आपणच."

मेजर मधल्यामध्ये सापडले. कर्नलच्या आधी जावं तर उद्धटपणा, हवालदाराच्या आधी जावं तर स्वार्थ. ते छताकडे बघत बसले, जणू तिथून मदत उतरणार होती. मागचे पाचसहा म्हातारे "आधी आपण", "छे, आधी आपण" करत एकमेकांना दाराकडे ढकलू लागले.

मी ह्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, तुम्ही तरी उठा."

"साहेब लोक उभे असताना? मी सगळ्यात शेवटी."

"अहो, पण तेच म्हणतायत ना, खालच्यानं आधी!"

"तोंडानं म्हणतात गं."

खरं सांगू? टरकली होती सगळ्यांची. तोफांच्या गोष्टी सांगून नातवंडांचा जीव खाणारे हे वाघ त्या एवढ्याशा सुईकडे बघून घामेजले होते, आणि वर रीतभात पांघरून बसले होते. आमचे हेही त्यातलेच. कांदा चिरताना बोट कापलं, तर हे चक्कर येऊन पिठाच्या पोत्यावर पडायचे. मला माहीत नाही होय?

मी सरळ टेबलाशी गेले. "सिस्टर, मला टोचा."

"आजी, आधी सैनिक, मग कुटुंब. काकांचं झाल्याशिवाय कॉम्प्युटर तुमचं नाव उघडत नाही."

"हा नियम कुठल्या गाढवानं केला?"

"ते वरच्या मजल्यावर बसतात. जेवायला गेलेत." तिनं बर्फाची पेटी जवळ ओढली. "आजी, कुपी उघडून ठेवलीय मी. अर्ध्या तासात संपली नाही, तर फेकायची. उरलेली पेटी गाडीतून दुसऱ्या दवाखान्यात जाणार."

बाहेर ड्रायव्हरनं गाडी चालूसुद्धा केली होती. आत कर्नल म्हणत होते, "मी वाट बघायला तयार आहे." मेल्यांनो, तुम्ही बघाल वाट! माझी नात थांबेल?

आमचं क्वार्टर परेडच्या मैदानाला खेटून होतं. वर्षानुवर्षं मी स्वयंपाक करता करता तेच ओरडणं ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या आणि कवायत घेणाऱ्या उस्तादाच्या आरोळ्या, दोन्ही मला तोंडपाठ. मी सिस्टरचं स्टूल ओढलं, पदर खोचला, वर चढले आणि पोटातून आवाज काढला:

"साऽवधान!"

खुर्च्या कोकलल्या. सगळे ताठ. कर्नलची काठी खाली पडली, ती उचलायची छाती कोणाची झाली नाही, त्यांचीही नाही.

"उंच उजवीकडे, बुटके डावीकडे, उंचीप्रमाणे एका रांगेत, उभे राऽहा!"

आणि लागले की कामाला! डोक्याला डोकं लावून मापं काढू लागले. हुद्दा विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण या हुकमात हुद्दा नसतो, नुसती डोकी असतात. मेजर उजव्या टोकाला गेले. कर्नल हवालदाराच्या उजवीकडे घुसू लागले.

"मी पाच फूट आठ इंच आहे!"

"होतात, साहेब," हवालदार हळूच म्हणाला. "आता जरा खाली सरका."

कर्नल सरकले. सरकत सरकत डाव्या बाजूला दुसरे झाले. त्यांच्याही पलीकडे, अगदी टोकाला, आमचे हे. साडेचार फुटांचा ऐवज. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या उंचीचा अभिमान वाटला.

"डावीकडून, एकेक, टेबलाकडे, चऽल!"

हे निघाले. पाय हुकमानं, चेहरा वधस्तंभाकडे. खुर्चीत बसले तेही सावधानमध्येच.

"काका, हात सैल सोडा," सिस्टर म्हणाली.

"सोडलाय."

"हे लाकूड आहे. सुई मोडेल."

"अगं, सुटत नाहीये," हे माझ्याकडे बघून रडवेले.

"विऽश्राम!" मी ओरडले.

अख्खी रांग सैलावली, त्यात ह्यांचा दंडही, आणि सिस्टरनं तेवढ्यात टोचलं. "झालं?" ह्यांनी विचारलं, आणि मग, आता काही कारण नसताना, बोंब मारली.

पुढची रांग भरभर सरली. कर्नल टोचून घेऊन माझ्या स्टुलासमोर आले. "बाई, कुठल्या तुकडीत होता?"

"चुलीच्या."

"उत्तम तुकडी," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले.

मी खाली उतरले तोवर बायकांची पाळी आली. कर्नलची बायको पंख्याखालून उठली आणि सवयीनं पुढे निघाली. मी तिच्या आधी खुर्चीत बसले आणि बाही वर केली. "अगं ए," ती म्हणाली. "बसा हो जरा," मी म्हटलं, "तुमची कोणी काचेआड नाही." ती बसली. लस कमी पडली नाही, तिलाही मिळाली, उगाच कोणी हळहळू नये.

लेक निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. यावेळी खिडकीशी नाही, दारातून आत. ह्यांनी कडक इस्त्रीची विजार घातलेली. नात मांडीवर आली, दोन मिनिटं त्यांच्याकडे टकमक बघत राहिली आणि विजारभर मुतली.

"द्या तिला, बाबा, बदलते," लेक म्हणाली.

"राहू दे," हे म्हणाले. "ऊब आहे."