काळ्या सुळक्यावरची ओहोटी

उधाणाची ओहोटी होती. पाणी इतकं मागे हटलं की काळे सुळके बुडापर्यंत उघडे पडले. पेर्सेबे तिथेच मिळतात. खडकाला चिकटून वाढणारी ही बोटाएवढी शिंपली लाटांचा मारा असेल तिथेच जाड होतात.

साबेला हट्टाने त्याच सुळक्यावर निघाली, जिथून गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा एलाडिओ वाहून गेला होता. नणंदेने, दोरिंदाने, परोपरीने समजावलं. वाळूवर तिसऱ्या, वाळूतली छोटी शिंपली, काढायला चल म्हणाली. साबेला ऐकेना, तेव्हा दोर धरायला तीच सोबत गेली.

साबेलाने कमरेला दोर बांधला. दोरिंदाने सवयीने गाठ चाचपली. एका हिसक्यात सुटेल अशी गाठ होती. पोरवयापासून खडक उतरणारी बाई अशी गाठ चुकून मारत नाही. दोरिंदाने ती सोडली आणि पक्की बांधली. साबेला समुद्राकडे बघत राहिली.

खाली उतरून तिने थोडा वेळ खरंच काम केलं. मग मोठी लाट येताना दिसली. दोरिंदा ओरडली, तरी साबेला तिथून हलली नाही. लाट अंगावरून गेली, दोराला हिसका बसला. दोरिंदाने टाचा खडकात रोवल्या, तळहात सोलून निघेपर्यंत ओढलं.

वर आल्यावर साबेला खोकत पडून राहिली. मग म्हणाली, "कशाला ओढलंस, ताई?"

"घरी आईला काय सांगणार होते? एकाच खडकाने तिची दोन माणसं गिळली म्हणून?"

"आई तुझी आहे. माझं कोण आहे?"

दोरिंदाने रक्ताळल्या हातांनी साबेलाची ओली पाठ चोळली.

त्यानंतर साबेला तिच्याशी बोलेनाशी झाली. पण पुढच्या उधाणाला दाताळं घेऊन वाळूवर आली आणि बाकीच्या बायकांत वाकून तिसऱ्या काढू लागली. ती मान वर करून सुळक्यांकडे बघे, तेव्हा दोरिंदाचा हात थांबे.

भरती लागली, बायका परतल्या. साबेला तशीच उभी. पाणी गुडघ्यांशी आलं. दोरिंदा मागे फिरून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"चल वहिनी, पाणी चढतंय."

"दिसतंय मला," साबेला म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने टोपली उचलली.