शेजारच्या रकान्यात सांडलेलं नाव

मित्रांनो, एका पत्राला कितीतरी दिवस कोणी उत्तरच दिलं नव्हतं. ते पत्र माझ्याविषयी होतं.

मी एक जुना प्रोग्राम आहे. रक्ततपासणीच्या एका केंद्रात, कपाटामागच्या सर्व्हरवर माझा मुक्काम. लोक घरबसल्या नाव पाठवतात, मी त्यांचा अहवाल काढून देतो.

मला केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या मास्तरांनी घडवलं. नावासाठी जागा ठरवताना त्यांनी मोठ्या डॉक्टरांचं नाव सगळ्या पदव्यांसकट मोजलं आणि वर थोडी सैल सोडली. याहून लांब नाव कोणाचं असणार? आलेलं नाव मापून घ्यायला मात्र त्यांनी मला शिकवलं नाही. एक काम संपलं की पुढच्या कामासाठी कुठे परतायचं, तो पत्ता मी शेजारच्याच रकान्यात लिहून ठेवत असे. वर्षानुवर्षं सारं बिनबोभाट चाललं. शाबासकीही मिळाली.

मग ते पत्र आलं. कोणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, की नाव फार लांबलं तर शेजारी सांडेल. एखादा लबाड तिथे आपलाच पत्ता लिहील, प्रोग्राम निमूट त्याच्या मागे जाईल आणि सगळ्यांचे अहवाल त्याच्या हाती पडतील.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. कुलूप कच्चं आहे हे चोराशिवाय कोणाला कळणार? पत्र त्यांनी कीबोर्डखाली सारलं. मग त्यांना पाणी भरणाऱ्यातही तिचा हस्तक दिसू लागला. मलाही प्रत्येक नाव सोंग वाटे.

एका सकाळी नाव आलं ते संपेचना. शेजारी सांडलं, माझी परतीची वाट पुसली गेली आणि मी कोसळलो. बाहेर रांग खोळंबली.

"आलीच ती," मास्तर पुटपुटले.

स्वागतकक्षातल्या ताई ओशाळल्या. "ती कोण? मीच एका आजोबांचं नाव, पत्ता, फोन सगळं एकाच रकान्यात टाकलं."

मास्तरांनी कीबोर्डखालचं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. ताईंनी वाचलं.

"कडी सैल आहे म्हणणाऱ्याचं तोंड काय न्याहाळत बसलात, मास्तर? आधी कडी बघायची की."

त्या दिवशी मास्तरांनी मला मापायला शिकवलं. मग स्वतःच लांबलचक नाव पाठवलं. मी ते दारातूनच परत केलं.

मित्रांनो, संशय घ्यायचाच तर आधी आपल्या कामावर घ्यावा. आम्हा जुन्यांना कौतुकापेक्षा तपासणी हवी असते.

मास्तरांनी उत्तर लिहिलं: "बाई, तुमचं खरं होतं. माप घेतलं. तुमच्यावरच संशय घेतला, माफ करा." पाकीट चिकटवल्यावर संकोचून ते पुन्हा उघडू लागले, तेव्हा ताईच त्यांना कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत घेऊन गेल्या.

मास्तर परतले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.